वाकवा आणि ऐका

या फेब्रुवारीतल्या एका रविवारची गोष्ट. ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूला ज्या मैदानावर मी तिरंदाजीला जातो, तिथे सरांनी एका मुलाच्या भात्यातून एक बाण काढला. कार्बनचा, काळा, गुळगुळीत, मागची पिसं अजून नव्यासारखी. दोन्ही टोकं दोन हातांत धरून, चेहऱ्यापासून लांब नेऊन त्यांनी तो हलकाच वाकवला. थोडा फिरवला, परत वाकवला. तिसऱ्या वेळी आवाज आला. फार मोठा नाही, वाळलेली काडी मोडल्यासारखा, 'कट्'. सरांनी पुढचं लोखंडी टोक काढून घेतलं, कोणी उचलून पुन्हा वापरू नये म्हणून बाणाला चिकटपट्टीचे चार वेढे दिले आणि तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग ते पुढच्या मुलाच्या भात्याकडे वळले.

कोणाला काही लागलं नाही, कोणी कोणाला बोललं नाही. मुलाने 'गेला एक' असा चेहरा केला आणि उरलेले पाच घेऊन रांगेत जाऊन उभा राहिला.

तो बाण तीन आठवड्यांपूर्वी मी त्याला भेट दिला होता.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात अडकलाय. काहीच झालं नाही, तर मी काही केलं का? डोंबिवली ते ठाणे फास्ट लोकलमध्ये उभं राहून अशा प्रश्नावर विचार करायला भरपूर वेळ मिळतो, कारण हात हलवायला जागा नसते आणि फोन काढता येत नाही.

आधी बाणांबद्दल थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

मी सातवीत असताना तिरंदाजी सुरू केली आणि दहावीच्या वर्षात सोडली. सोडायचं कारण तेच, जे आपल्याकडे सगळ्यांचं असतं. मग बारावी, इंजिनिअरिंग, प्लेसमेंट, नोकरी. बारा वर्षांनी, गेल्या ऑक्टोबरमध्ये परत मैदानावर गेलो. कारण विचाराल तर पाठदुखी. डॉक्टरांनी 'खांद्यांचा काहीतरी व्यायाम करा' सांगितलं आणि जिममध्ये आरसे फार असतात.

घरी माळ्यावर प्लंबिंगच्या पाइपात ठेवलेले माझे जुने बाण सापडले. अ‍ॅल्युमिनियमचे, जांभळ्या रंगाचे, बारापैकी अकरा. त्यांच्यावर १७१६ असा आकडा आहे. लहानपणी मला तो मॉडेल नंबर वाटायचा. त्याचा अर्थ साधा आहे: नळीचा व्यास एका इंचाचे ६४ भाग केले तर त्यातले १७, आणि नळीच्या भिंतीची जाडी एका इंचाचे १,००० भाग केले तर त्यातले १६. म्हणजे पावणेसात मिलिमीटरची नळी आणि जेमतेम ०.४ मिलिमीटरची भिंत. इतक्या पातळ भिंतीचा बाण खांबावर आपटला किंवा गवतात कोणाच्या पायाखाली आला की वाकतो. वाकला की कळतं.

कळायचं कसं, तर बाबा तो टीपॉयच्या काचेवर घरंगळवायचे. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. सरळ म्हणजे किती सरळ, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. सरळ बाण काचेवरून आवाज न करता जातो. वाकडा असेल तर खड-खड-खड करत, थोडा उड्या मारत जातो. मग ते बाकाच्या जागी दोन्ही अंगठे ठेवून, डोळ्यासमोर धरून, थोडा थोडा दाब देत सरळ करायचे. परत काचेवर. परत अंगठे. रात्री जेवण झाल्यावर हा कार्यक्रम चालायचा आणि आई टीव्हीचा आवाज वाढवायची. जो पूर्ण सरळ व्हायचा नाही त्याच्या मागच्या टोकाजवळ ते लाल धागा बांधायचे आणि म्हणायचे, "हा सरावाला. स्पर्धेला काढू नकोस."

(त्या लाल धाग्याचा मी गैरफायदा घेतलाय. नेम चुकला की मनातल्या मनात तो बाण धाग्याचा ठरवायचो.)

हे अकरा बाण मला आता चालत नाहीत. माझे हात चौदाव्या वर्षीच्या हातांपेक्षा लांब झालेत. पूर्ण ताण दिला की बाणाचं टोक धनुष्याच्या आत येतं, आणि तिथून निसटला तर तो कुठे जाईल सांगता येत नाही. त्यामुळे नवे घ्यायचे ठरवलं आणि मग सुरू झालं ते, जे माझ्या वयाचे आणि माझ्या धंद्यातले सगळे लोक करतात. तीन आठवडे व्हिडिओ, तुलना, एक्सेल शीट. नेम धरायला अजून येत नव्हता, पण बाण कशाचा असावा यावर माझं ठाम मत तयार झालं होतं.

ही निवड जुनी आहे, याचा मला थोडा दिलासा वाटला. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त शस्त्रागाराच्या अध्यक्षाने काय काय ठेवावं त्याच्या यादीत बाणांचे प्रकार दिलेत: बांबूचे, शर नावाच्या गवताच्या कांडीचे, लाकडी, आणि शेवटी 'नाराच', म्हणजे अख्खा लोखंडाचा बाण. बाणाला आपण 'शर' म्हणतो तो शब्द मुळात त्या गवताचा. जे बोरू-वेताच्या जातीचं तण नदीकाठी उगवतं, त्याचंच नाव शस्त्राला चिकटलं.

आज लाकूड, अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन असे तीन पर्याय आहेत, आणि वरच्या पातळीवर अ‍ॅल्युमिनियमच्या बारीक नळीवर कार्बन गुंडाळलेला चौथा. लाकूड-बांबूचं धनुष्य घेऊन ३० आणि ५० मीटरवर मारायची 'इंडियन राउंड' ही स्पर्धा आपल्याकडे अजून होते आणि अनेक मुलं सुरुवात तिथूनच करतात, कारण बाकीचं सामान परवडत नाही. लाकडाचा प्रत्येक बाण वेगळा असतो. बारा सारखे बाण हवे असतील तर शंभरातून निवडावे लागतात. शिवाय आपला पावसाळा.

सारखे म्हणजे काय, ते मला या वेळी पहिल्यांदा नीट कळलं. धनुष्यातून सुटताना बाण सरळ जात नाही. मागून दोरीचा धक्का बसतो, पुढचं टोक जड असतं, त्यामुळे तो मधोमध वाकतो आणि माशासारखा डावी-उजवीकडे लवलवत धनुष्याला वळसा घालून पुढे जातो. स्लो मोशनमध्ये बघितलं तर विश्वास बसत नाही. म्हणून बाण किती वाकतो हे मोजतात. २८ इंचांवर दोन टेकू, त्यावर बाण, मधोमध सुमारे ८८० ग्रॅमचं वजन लटकवायचं. बाण मधे ०.९ इंच झुकला तर त्याचा आकडा ९००. अर्धा इंच झुकला तर ५००. आकडा जितका मोठा, तितका बाण मऊ. हलक्या धनुष्याला मऊ बाण लागतो, जड धनुष्याला कडक. चुकीची जोडी जमवली तर नेम बरोबर धरूनही बाण बाजूला जातो.

माझं नवं धनुष्य २४ पौंडांचं होतं. त्याला ९०० चे सहा कार्बन बाण घेतले. अ‍ॅल्युमिनियम का नाही? शीटमध्ये मी लिहिलेलं कारण असं: वजन जास्त, वाकतो, देखभाल करावी लागते. कार्बन हलका, जलद, बारीक म्हणून वाऱ्यात कमी हलतो, आणि मुख्य म्हणजे वाकत नाही. एक तर सरळ असतो, नाही तर तुटलेला. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला असं काहीतरी फार आवडतं. शून्य किंवा एक. मधली खड-खड नाही.

पहिल्याच दिवशी सरांनी हे शून्य-एक मोडीत काढलं. कार्बनचा बाण म्हणजे लांबीला समांतर ठेवलेले बारीक धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन. कडक वस्तूवर आपटला किंवा दुसरा बाण त्याच्यावर आदळला की आतले काही धागे तुटतात. वरची चकाकी तशीच राहते. काचेवर घरंगळवला तर आवाज न करता जातो, कारण तो अजून सरळच असतो. पण पुढच्या वेळी दोरी सुटते, बाण नेहमीसारखा वाकतो, आणि त्या वाकण्यात तडा जिथे आहे तिथे तो फुटतो. फुटतो तेव्हा धनुष्य धरलेला हात त्याच्या शेजारी असतो. कार्बनची कुसळं हातात शिरली तर काय होतं त्याचे फोटो सरांनी मला फोनवर दाखवले. इथे वर्णन करत नाही.

म्हणून नियम. प्रत्येक फेरीनंतर, आणि काही आपटल्याचा संशय आला की लगेच, बाण वाकवायचा, फिरवायचा, ऐकायचं. "वाकव आणि ऐक," सर म्हणाले. "डोळ्यांनी बघून उपयोग नाही." मी ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत दर रविवारी ते केलं. थोडं कर्मकांडासारखं, पण केलं.

जानेवारीत मी ३० पौंडांवर गेलो. ९०० चे बाण आता मऊ पडायला लागले, म्हणून कडक बाण मागवले. जुन्या सहा बाणांसोबतच्या शेवटच्या रविवारी १८ मीटरवर माझे दोन बाण एकमेकांना घासून बसले. 'टक्' असा आवाज आला होता. नवशिक्याला तो आवाज ऐकून किती आनंद होतो ते सांगू शकत नाही. दोन बाण इतके जवळ! मी जाऊन फोटो काढला, स्टेटसला टाकला. ऑफिसमधल्या सहा जणांनी आगीचे इमोजी पाठवले.

पुढच्या शनिवारी ते सहाही बाण मी त्या मुलाला दिले. तो तेरा वर्षांचा, कळव्याहून येतो, २२ पौंडांचं धनुष्य वापरतो, आणि क्लबच्या खोक्यातले तीन वेगवेगळ्या लांबीचे बाण घेऊन माझ्यापेक्षा बरे गुण मिळवतो. माझ्या मऊ बाणांची त्याच्या हलक्या धनुष्याशी जोडी जमत होती. त्याने बाण हातात घेतले तेव्हा दोन मिनिटं काही बोललाच नाही. पुढच्या रविवारी त्याची आई त्याला सोडायला आली. रथसप्तमी व्हायची होती, म्हणून तिळाचे लाडू घेऊन आली. ती ठाण्यात एका पोळी-भाजी केंद्रात काम करते. "दादा, एवढी महागाची वस्तू कोण देतं हो," म्हणाली. मी 'अहो ताई, त्यात काय' वगैरे म्हणालो. लाडू छान होते.

आता तो प्रश्न.

विल्यम क्लिफर्ड नावाचा एक इंग्रज गणितज्ञ होता. तेहतिसाव्या वर्षी गेला. १८७७ साली त्याने एक निबंध लिहिला, त्यात एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुनं आहे, अनेकदा दुरुस्त झालंय, स्थलांतरितांची कुटुंबं घेऊन ते निघणार आहे. मालकाच्या मनात शंका येते की आधी तपासून घ्यावं. पण त्याला खर्च येईल. मग तो स्वतःची समजूत घालतो: एवढ्या सफरी केल्यात, हीपण होईल, देव आहे. हळूहळू त्याचा खरोखर विश्वास बसतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, तो दोषी आहे हे उघड आहे, त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी, कारण तसा विश्वास ठेवायचा त्याला अधिकारच नव्हता. मग पुढे तो म्हणतो, समजा जहाज बुडलं नसतं, सुखरूप पोचलं असतं, तर त्याचा दोष कमी झाला असता का? तिळमात्र नाही. फक्त तो सापडला नसता.

मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार कडक वाटलं होतं. जवळजवळ शंभर वर्षांनी, १९७६ साली, बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी याच्याच आसपासच्या प्रश्नाला 'नैतिक नशीब' असं काहीसं विचित्र नाव दिलं. नेगेलचं उदाहरण आपल्या रस्त्यांवर रोज घडू शकेल असं आहे. एका ट्रकवाल्याने ब्रेक तपासलेले नाहीत. वाटेत मूल आडवं आलं तर तो आयुष्यभर गुन्हेगार. मूल आलं नाही तर तो घरी जाऊन जेवतो. दोघांनी केलं तेवढंच, फरक फक्त रस्त्यावर कोण आलं याचा. कायदा दोघांना वेगळं वागवतो, आपणही वागवतो, आणि तरीही असं वागवणं बरोबर आहे याचं कारण नीट सांगता येत नाही.

प्रामाणिकपणे सांगतो, मी त्या रविवारी सरळ नेगेलच्या दुसऱ्या ट्रकवाल्यासारखा घरी जाऊन जेवलो. सरांनी पकडलं, संपलं. व्यवस्था चालली. माझ्या धंद्यातही असंच बोलतात: टेस्टिंगमध्ये सापडलं ना, मग तो बग प्रॉडक्शनचा नाही, कोणाचं अप्रेझल बिघडत नाही.

अडकलो ते वेगळ्याच ठिकाणी. क्लिफर्डच्या मालकाला शंका आली होती आणि त्याने ती दाबली. मला शंका आलीच नव्हती. मी खोटं बोललो नाही, स्वतःशीही नाही. मी विचारच केला नाही. मग माझा दोष हलका का? एक-दोन दिवस मी याच मुद्द्यावर स्वतःला सोडून देत होतो.

पण फोटो फोनमध्ये होता. 'टक्' ऐकलेला होता. दोन बाण घासले की दोन्ही तपासायचे, हा नियम मला पाठ होता, आणि चार महिने मी तो पाळलाही होता. मग त्या एका रविवारी का नाही? उत्तर शोधायला फार खोल जावं लागलं नाही. नवे बाण येणार होते. हे सहा आता माझे राहिले नव्हते. जोवर माझा हात त्यांच्या शेजारी असणार होता, तोवर मी दर आठवड्याला ऐकत होतो. दुसऱ्याचा हात असणार म्हटल्यावर माझे कान बंद झाले. ठरवून नाही. ठरवून केलं असतं तर निदान कळलं तरी असतं.

यावर एक साधा आक्षेप आहे आणि तो मी स्वतःच घेतला. प्रत्येक गोष्ट तपासत बसलो तर जगता येईल का? रोज सकाळी मी ज्या गाडीत चढतो तिची चाकं मी बघितलेली नाहीत. थंडीत रूळ आकसतात आणि कधीतरी सकाळी मेसेज येतो की अमुक ठिकाणी रुळाला तडा, मध्य रेल्वे उशिराने. आपण शिव्या देतो आणि पुढच्या गाडीची वाट बघतो. बाकी सगळ्या सकाळी आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. मग कार्बनच्या एका बाणाचं एवढं काय?

पण रेल्वेचं उदाहरण मला वाचवत नाही. आपण डोळे मिटू शकतो, कारण कीमन नावाचा माणूस रोज आपल्या वाट्याच्या रुळांवरून चालत जातो, हातोडा आणि पाना घेऊन, प्रत्येक जोड बघत. रुळाच्या आतले तडे शोधायला अल्ट्रासॉनिक यंत्रं फिरवतात. म्हणजे कोणीतरी वाकवून ऐकतं, म्हणून मला ऐकावं लागत नाही. भेट दिलेल्या सहा बाणांपुरता कीमन मी होतो. त्या मुलाने आणि त्याच्या आईने डोळे मिटले ते माझ्या भरवशावर. सर बघतात हे खरं, पण सरांना तो 'टक्' माहीत नव्हता. तो फक्त मला माहीत होता.

बाबांना सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, जाऊ दे, काही झालं नाही ना. ते थोडा वेळ गप्प बसले आणि एकदम खिडकीबद्दल बोलायला लागले. २६ मे २०१६ ला डोंबिवलीच्या एमआयडीसीत स्फोट झाला तेव्हा आमच्या इमारतीतल्या बऱ्याच काचा गेल्या होत्या. आमच्या स्वयंपाकघराची काच वाचली, फक्त कोपऱ्यात केसाएवढी रेघ आली. बदलायची म्हणून राहिली. आठ-नऊ महिन्यांनी एक दिवस वाऱ्याने खिडकी आपटली आणि अख्खी काच ओट्यावर आली. आई दोन मिनिटांपूर्वी तिथून बाहेर गेली होती. मे २०२४ ला तिकडे पुन्हा स्फोट झाला, त्या संध्याकाळी बाबांनी घरातली प्रत्येक काच नखाने वाजवून बघितली होती. मला तेव्हा ते म्हातारपण वाटलं होतं.

"आमच्याकडे पार्टला लाल डाय लावायचो," बाबा म्हणाले. "थोडा वेळ थांबायचं, पुसून टाकायचा, मग वरून पांढरं फवारायचं. तडा असला की लाल रेघ वर येते. पार्ट कितीही चकचकीत असू दे."

"आणि वेळ नसला तर?"

"वेळ नसतोच. तरी लावायचा. नाही लावला तर पार्टवर सही नाही करायची."

माझ्या भेटीवर माझी सही होती, एवढं मला त्यातून कळलं.

पुढे काय करायचं, हा प्रश्न वाटला होता त्यापेक्षा अवघड निघाला. सरांना सांगितलं की त्या बाणाला घासलेलं मला माहीत होतं. ते म्हणाले, "अरे, मी बघतोच ना सगळ्यांचे. पुढच्या वेळी लक्षात ठेव." प्रकरण मिटलं. त्याच्या आईला सांगायची काही गरज नव्हती. सांगून तिला फक्त भीती वाटणार, मुलाला कदाचित मैदानावरून काढेल, आणि माझं मन हलकं होणार. स्वतःचं मन हलकं करायला दुसऱ्याला घाबरवायचं, यात कसला आलाय प्रामाणिकपणा? हा युक्तिवाद मला बराच पटला होता. तो इतका सोयीचा होता की त्याचाच संशय आला. तिने मला लाडू दिले होते. ज्या गोष्टीबद्दल दिले, ती तिला वाटली तशी नव्हती.

पुढच्या रविवारी मी तिला सांगितलं. मैदानाच्या कडेला, चहाच्या टपरीजवळ. "ताई, मी दिलेल्या बाणांतल्या एकाला आतून तडा होता. मी तपासून दिला नव्हता. हाताला लागू शकलं असतं."

ती घाबरली नाही. रागावलीही नाही. तिने विचारलं, "मग बाकीचे?"

"सरांनी बघितलेत. चांगले आहेत."

"तुम्ही बघितले का?"

मी बघितले नव्हते. एवढं सगळं होऊन, एवढा विचार करून, दोन तत्त्वज्ञ आणि एक गणितज्ञ वाचून, उरलेले पाच मी हातातही घेतले नव्हते. मुलाला हाक मारली, भाता आणायला लावला, आणि तिथेच एक एक बाण वाकवला. ती कान पुढे करून उभी. मागून रिक्षांचे हॉर्न, म्हणून प्रत्येक बाणाला दोनदा-तीनदा. पाचही गप्प. मग ती म्हणाली, "मला दाखवा कसं धरायचं. घरी मी बघीन." मी तिला दाखवलं. अंगठे कुठे, चेहरा किती लांब, किती जोर. तिने पोळ्या लाटणाऱ्या हातांनी पहिल्याच वेळी माझ्यापेक्षा सफाईने वाकवला.

घरी परत येताना मी ठरवून टाकलं की कार्बन विकायचे आणि अ‍ॅल्युमिनियमवर जायचं. जो बाण आपली चूक दाखवतो तो प्रामाणिक, जो लपवतो तो लबाड, असं एक छान वाक्यही सुचलं होतं. मुंब्रा जाईपर्यंत ते वाक्य टिकलं. मग लक्षात आलं की हे पुन्हा एक्सेल शीटच आहे. वस्तू बदलून मी माझा आळस वस्तूवर ढकलत होतो, लाल धाग्यासारखाच. अ‍ॅल्युमिनियम स्वतःहून खड-खड करत नाही, कोणीतरी त्याला रात्री काचेवर घरंगळवावं लागतं. आमच्या घरी ते बाबा करायचे म्हणून मला तो बाण प्रामाणिक वाटत होता. माझे कार्बनचे बाण मी ठेवलेत. दर फेरीला ऐकतो. अजूनही कधी कधी कंटाळा येतो.

मुलाचं वेगळं. सर म्हणाले, १८ मीटरवर त्याला कार्बनची घाई नाही, एक-दोन वर्षं अ‍ॅल्युमिनियम मारू दे, आपटला तर घरीच सरळ होईल. त्याच्या हातांची लांबी मोजली. माझ्या चौदाव्या वर्षीएवढी, अर्धा इंच इकडे-तिकडे. माळ्यावरचे अकरा बाण त्याला बसत होते. जानेवारीतही बसले असते. पण तेव्हा मला ते द्यायला सुचले नाहीत, कारण बारा वर्षं जुने, ओरखडे पडलेले, पिसं झडलेले बाण देणं बरं दिसलं नसतं. द्यायचं तर काळं, चकचकीत काहीतरी.

शनिवारी रात्री जेवण झाल्यावर बाबांनी टीपॉयवरचे पेपर बाजूला केले, काच ओल्या फडक्याने पुसली. आईने टीव्हीचा आवाज वाढवला. मी नवी पिसं चिकटवत होतो, ते घरंगळवत होते. नऊ बाण गप्प गेले. एक थोडा वाजला, त्याला अंगठे लावले, मग तोही गप्प गेला. शेवटचा लाल धाग्याचा. खड-खड-खड करत तो टीपॉयच्या कडेला जाऊन थांबला. बाबांनी दहा मिनिटं खटपट केली, डोळ्यासमोर धरून बघितलं, पुन्हा घरंगळवला. वाजलाच.

"हा राहू दे मग," मी म्हणालो. "दहा देतो."

"दे की. सरावाला चालतो." धागा जुना होऊन विरला होता. बाबांनी आईच्या डब्यातून नवा लाल धागा काढला आणि त्याच जागी बांधला. "फक्त त्याला सांग हा कशासाठी आहे ते."

मी अकराही बाण पाइपात भरले आणि झाकण लावलं.